पाचवी खाच

"आई, गाडी पाठीत बसते गं."

मुलाचा हा फोन आला तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजले होते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. नाशिकला सिडकोतल्या आमच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर धुक्यात अर्धाच दिसत होता. हे शाल पांघरून पेपरात निफाडचा पारा शोधत होते आणि मी तुळशीला पाणी घालता घालता फोन कानाला लावला. तिकडे कॅनडात, सडबरीला, आदल्या रात्रीचे नऊ. मुलगा तिथे निकेलच्या खाणीत यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. बाहेर उणे २४ आहे म्हणाला. निफाडला त्या दिवशी ७ होता आणि आम्ही तेवढ्यानेच गारठलो होतो.

पण माझं मन थंडीत नव्हतं, त्या दोन शब्दांत अडकलं होतं. पाठीत बसते. नोकरीची ३१ वर्षं मी हे शब्द तक्रारींच्या कागदांवर वाचले होते. त्यांच्यापुढे गाडीचं मॉडेल असायचं, किलोमीटर असायचे, कधी गावाचं नाव. कोणाची पाठ ते कधी लिहिलेलं नसायचं. आज पहिल्यांदा ती पाठ मला माहीत होती. लहानपणी तेल लावून चोळलेली.

गाडी म्हणजे त्याने नोव्हेंबरात घेतलेली सेकंडहँड स्नोमोबाइल. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बर्फावरची मोटरसायकलच ती. सीट आणि हँडल ओळखीचं, पण पुढच्या चाकाच्या जागी दोन स्की आणि मागच्या चाकाच्या जागी रबराचा रुंद, दातेरी पट्टा, रणगाड्यासारखा फिरणारा. सडबरीच्या आसपास जिकडेतिकडे तळी आहेत, हिवाळ्यात ती गोठतात, आणि जंगलातून या गाड्यांसाठी लांबच लांब वाटा आखलेल्या असतात. त्या वाटांवरून रात्री मोठं यंत्र फिरवून बर्फ सपाट करतात. रात्री अशासाठी की तेव्हा रहदारी नसते आणि कडक थंडीत दाबलेला बर्फ चांगला घट्ट बसतो. पण सुट्टीच्या दिवशी गाड्यांवर गाड्या गेल्या की दुपारपर्यंत त्याच वाटेवर उंचवटे उठतात, एकाला लागून एक. पहिल्या फेरीनंतर मुलाने कंबर धरली. दुसऱ्या फेरीनंतर दोन दिवस वाकून चालला. सूनबाईने मागे बसणंच सोडून दिलं.

"शॉकअप गेले असतील. नवे टाकतो. आई, तू फक्त कुठले घेऊ ते सांग."

मी विचारलं, "तुझ्याआधी गाडी कोणाकडे होती?"

"एक म्हातारे गृहस्थ होते. चांगले धिप्पाड. बायकोला मागे बसवून फिरायचे म्हणे."

"मग थांब. काही विकत घेऊ नकोस."

*

१९९१ साली अंबडच्या एका कारखान्यात मी लागले, डिप्लोमा झाल्या झाल्या. शॉकअप बनवायचा कारखाना. मला टेस्टिंगला टाकलं आणि २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत मी तिथेच राहिले. काम असं: तयार शॉकअप यंत्रात दोन्ही टोकांनी पकडायचा, यंत्र तो वरखाली दाबत-ओढत राहणार, आणि किती अंतराला किती जोर लागला याची रेघ कागदावर उमटणार. पुढे कागद गेला, स्क्रीन आला. ती रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळते आणि तिचा आकार होतो लांबट बटाट्यासारखा. बटाटा गुबगुबीत असला की शॉकअप ठीक. एका कोपऱ्यात चावा घेतल्यासारखा दिसला की समजायचं, तेलात हवा शिरली आहे. दिवसाला शेकडो बटाटे पाहिले मी. यंत्रातून काढलेला शॉकअप हाताला कोमट लागायचा. तो कोमटपणा मला फार आवडायचा, कारण शॉकअपचं सगळं काम त्यातच असतं.

ते काम समजायला सोपं आहे, पण गॅरेजमध्ये सहसा कोणी समजावून सांगत नाही. स्प्रिंग धरते आणि तेल आवरतं. खड्ड्याचा दणका स्प्रिंग पोटात घेते, पण पोटात ठेवत नाही, लगेच परत फेकते. नुसती स्प्रिंग असती तर गाडी झोपाळ्यासारखी हिंदकळत राहिली असती. म्हणून आत तेल असतं, तेलात दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोकं आणि त्यांवर पातळ चकत्या. दट्ट्या हलला की तेलाला त्या भोकांतून दाटीवाटीने जावं लागतं, आणि त्या ओढाताणीत दणक्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. खड्ड्यात बसलेला तो हिसका तुमच्या मणक्यात जायचा त्याऐवजी तेलात गेला, एवढाच त्या कोमटपणाचा अर्थ.

आता मऊ म्हणजे काय, इथे सगळा घोळ आहे. लोकांना वाटतं स्प्रिंग जितकी लेची तितकी गाडी मऊ. बसून बघा तशा गाडीवर. दुकानाच्या दारात ती छान दबते, गादीसारखी. पहिल्या मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण मिटते, लोखंड लोखंडावर आपटतं, आणि तो दणका कुठल्याही कडक गाडीपेक्षा वाईट असतो. शॉकअपला वरपासून खालपर्यंत काही इंचांचाच प्रवास दिलेला असतो. माणूस बसल्यावर गाडी त्या प्रवासात नेमकी कुठे येऊन थांबते, यावर सगळं अवलंबून. फार खाली थांबली तर उंचवट्यासाठी जागा उरत नाही. आणि फार वर थांबली तर खड्ड्यासाठी उरत नाही. हे दुसरं कोणाच्या ध्यानात येत नाही. खड्डा आला की चाकाने खाली उतरून जमीन धरायला हवी ना? गाडी आधीच ताठ वर उभी असेल तर चाक उतरणार कुठे? मग अख्खी गाडीच खड्ड्यात पडते, तुम्हाला घेऊन.

आमच्या निफाड-दिंडोरीकडे याचा रोजचा दाखला आहे. द्राक्षाच्या हंगामात पिकअप चालवणाऱ्या कोणालाही विचारा. टनभर माल भरलेला असेल तर गाडी कशी डौलात जाते, आणि पंधरा-वीस क्रेट घेऊन निघाली तर कमानपाटे, म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ताठ, मागचा हौदा टणाटणा उडतो आणि पॅकहाऊसला पोचेपर्यंत घडांचे मणी सुटतात. पाटे तेच, रस्ता तोच. पाटे टनासाठी बनवलेत आणि वर बसलेत पंधरा क्रेट. माझे दीर हे पक्कं जाणतात. थोडाच माल असेल तर ते क्रेट मागे ठेवत नाहीत, केबिनला टेकवून ठेवतात, जिथे उडी सगळ्यात कमी.

माझा मुलगा त्या स्नोमोबाइलवर पंधरा क्रेट होऊन बसला होता.

*

दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हिडिओ कॉल. रात्रीतून मी त्या गाडीचं पुस्तक नेटवरून उतरवून वाचून काढलं होतं. डोळ्यांवर ताण आला, पण किती दिवसांनी असं वाचलं. रबरी पट्ट्याच्या आत दोन लांब रूळ असतात आणि तो रुळांचा सांगाडा दोन लोखंडी हातांनी वर चेसिसला टांगलेला असतो. पुढच्या हाताला एक शॉकअप, मागच्या हाताला एक. मागे शिवाय डावी-उजवीकडे दोन टॉर्शन स्प्रिंग्ज: कपडे वाळत घालायच्या चिमट्यात असते ना, तशीच, फक्त करंगळीएवढ्या जाड सळईची. तिचा एक पाय ज्या ठोकळ्यावर टेकतो त्याला तीन बाजू, तिन्हींची उंची वेगळी. ठोकळा फिरवला की स्प्रिंग आधीच कमी किंवा जास्त पिळून बसते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ठोकळा फिरवला की "स्प्रिंग कडक झाली" असं सगळेच म्हणतात. स्प्रिंग होती तेवढीच राहते. इंचभर दाबायला पूर्वी जितका जोर लागायचा तितकाच नंतरही लागतो. बदलतं ते एवढंच की तिला हलवायलाच आधी किती जोर लावावा लागेल, आणि तुम्ही बसल्यावर ती किती खाली येईल. हलक्या माणसाखाली स्प्रिंग फार पिळलेली असली की बारीकसारीक उंचवट्यांना ती जागची हलतच नाही. मग ते सगळे उंचवटे थेट पाठीत.

"आधी गाडी मागच्या बंपरला धरून वर उचल. पट्टा जमिनीला जेमतेम टेकेल एवढी. आता बंपरपासून जमिनीपर्यंत टेपने मोज."

गॅरेजात हीटर लावलेला, तरी दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. टेप सूनबाईच्या हातात होता. "आई, सव्वीस इंच," ती म्हणाली.

"आता तो बसू दे. नुसता नाही, जाकीट, बूट, हेल्मेट, सगळं घालून. तुम्ही फिरायला निघता तसाच."

"आई, पाच मिनिटांचं काम आहे."

"घाल म्हटलं ना."

वजन काट्यावर केलं. नुसता ६४ किलो, सगळं चढवून ७१. सात किलो कपड्यांचे! सीटवर बसून त्याने दोन-तीनदा अंग झटकून गाडी खालीवर केली, म्हणजे अडकलेलं काही असेल तर मोकळं व्हावं, आणि मग स्थिर बसला. सूनबाईने वाकून टेप लावला. पंचवीस. म्हणजे माणूस बसल्यावर गाडी उणीपुरी एक इंच उतरत होती. पुस्तकात या मापाला साडेतीन इंचाच्या आसपास आकडा दिलेला. मोटरसायकलवाल्यांचा ढोबळ हिशेब एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्श्याचा असतो. प्रत्येक गाडीचा आकडा निराळा, पण एक इंच कुठल्याच हिशेबात बसत नाही.

टॉर्च आत मारायला सांगितला. दोन्ही ठोकळे सगळ्यात उंच बाजूवर होते. त्या धिप्पाड गृहस्थांनी स्वतःसाठी आणि मागे बसणाऱ्या बायकोसाठी लावलेले, आणि त्यांच्यासाठी ते अगदी बरोबर होते. गाडी विकताना कोण ठोकळे खाली करून देतं?

"पान्याने फिरव. दोन्ही बाजू सारख्याच ठेव, नाहीतर गाडी एका अंगावर कलेल. आणि बोटं त्या स्प्रिंगच्या पायाखाली घालू नकोस. पाना निसटला तर बोट वाचणार नाही." हे बोलताना माझा आवाज कारखान्यातला झाला असणार, कारण नेहमी उलट बोलणारा मुलगा निमूटपणे "हो" म्हणाला.

खालच्या बाजूवर घेतल्यावर पुन्हा माप घेतलं. सव्वातीन इंच. दोघांनी तिकडे टाळ्या वाजवल्या, इकडे ह्यांनी पेपर खाली ठेवला.

*

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याच्या वजनावर लावलेली गाडी तो चालवत होता."

मी हो म्हटलं आणि चहाचे कप घेऊन आत गेले. कप विसळता विसळता हात थांबला. तशीच खाली पार्किंगमध्ये गेले, मोबाइलचा टॉर्च लावून ह्यांच्या मोटरसायकलच्या मागे उकिडवी बसले.

२००४ ची गाडी. मागे दोन शॉकअप, प्रत्येकाच्या स्प्रिंगखाली एक खाचांची रिंग. पाच खाचा असतात, पहिली सगळ्यात खालची. वर्षानुवर्षांचा चिखल सुकून, वर ऑइल बसून, पुन्हा धूळ बसून रिंग काळी ठिक्कर झाली होती. नखाने खरवडलं तर आधी मातीची खपली निघाली, मग गंज दिसला, आणि मग खाच. पाचवी. दुसऱ्या बाजूलाही पाचवी.

कधी केली ते मला आठवत होतं. ती गाडी घेतली तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा. दर दुसऱ्या रविवारी आम्ही तिघं तिच्यावरून निफाडला सासरी जायचो, चाळीसेक किलोमीटर, मुलगा दोघांच्या मध्ये दाबून बसलेला. येताना मागे कॅरिअरला कांद्याचं गोणपाट नाहीतर द्राक्षाचा क्रेट बांधलेला. पहिल्या-दुसऱ्या फेरीतच शॉकअप बूड टेकायला लागले, म्हणून ह्यांनी पाचवी खाच करून घेतली. बरोबरच होतं ते. मीच सांगितलं असेल.

मग मुलगा मोठा झाला, त्याची सायकल आली, त्याची गाडी आली. मी स्कूटर घेतली. सासूबाई गेल्यावर निफाडच्या फेऱ्या कमी झाल्या. २०१८ ला मुलगा शिकायला म्हणून गेला तो तिकडेच राहिला. ह्या गाडीवर इतकी वर्षं हे एकटेच फिरत आहेत, भाजीला, बँकेत, दोस्तांकडे, आणि गाडी अजून तिघांची होती. वर कांद्यांसकट.

दोन वर्षांपासून ह्यांची पाठ दुखते. एक्स-रे झाला, चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी दबलीय म्हणाले, पट्टा आला, व्यायाम आले. मी रोज पाठीला शेक दिला. ज्या बाईने ३१ वर्षं लोकांचे शॉकअप तपासले तिने स्वतःच्या पार्किंगमध्ये एकदा वाकून पाहिलं नाही. मणका केवळ गाडीने दुखत होता असं मी म्हणणार नाही, वयही आहे, बैठं कामही झालं. पण त्या दणक्यांनी त्याला रोज डिवचलं असणार, आणि ते थांबवणं पाच मिनिटांचं काम होतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवशी दुपारी काम काढलं. रिंग जाम होती. डिझेल सोडून तासभर ठेवली, ब्रशने घासली, मग सी-पाना लावला. पहिल्या झटक्याला पाना घसरून हाताची सालं निघाली. शेजारच्या मुलाने गाडी सरळ धरली, हे रोजच्यासारखे चपला घालून बसले, आणि मी मागच्या आसापासून सीटखालच्या नळीवर खडूने केलेल्या खुणेपर्यंत मोजलं. पाचव्या खाचेवर गाडी १४ मिलिमीटर उतरत होती. दुसरीवर २६. तिथेच थांबले.

हवाही पाहिली. टायरमधली हवा ही गाडीची पहिली स्प्रिंग, ती सगळे विसरतात. मागच्या टायरमध्ये ४० निघाली. डबलसीटला, सामानाला म्हणून पंपावरच्या पोराला कधीतरी सांगितलेला आकडा तसाच चालू होता. कंपनीच्या पुस्तकात एकट्यासाठी २८ आहे. तेवढी केली.

संध्याकाळी हे एक चक्कर मारून आले. सिंहस्थ २०२७ चा, शहरभर रस्त्यांची कामं निघालेली, तेव्हा परीक्षा व्हायची ती झालीच. मी गॅलरीतच उभी होते. गाडी लावून वर आले, हातपाय धुतले, आणि टॉवेलला तोंड पुसत म्हणाले, "अगं, त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडचा स्पीडब्रेकर काढला वाटतं."

काढला नव्हता. मी सकाळीच त्यावरून आले होते.

*

मुलाचं काम मात्र एवढ्यात संपलं नाही. रविवारी फोन आला. पाठ बरीच बरी, पण आता वळताना स्की बर्फ धरत नाहीत, हँडल फिरवलं तरी गाडी थोडी सरळच जाते.

हे व्हायचंच होतं आणि मी ते आधी सांगायला हवं होतं. मागचा भाग खाली बसला की वजन मागे सरकतं आणि पुढचे स्की हलके होतात. सांगाड्याच्या पुढच्या बाजूला एक जाड पट्टा असतो, लिमिटर स्ट्रॅप म्हणतात त्याला. त्याला ओळीने भोकं असतात. तो एक भोक आखूड केला की सांगाड्याचा पुढचा भाग वर ओढला जातो आणि वजन थोडं परत स्कींवर येतं. फार आखडला तर हँडल जड होतं आणि स्कींवर इतका भार येतो की पुढचे दणके हाताला लागतात. "एकच भोक," मी म्हटलं. "फिरून ये, मग सांग." एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, हे मी त्याच्या डोक्यात बसवलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. त्याने वही केली. पहिल्या पानावर तारीख, तापमान, ठोकळा कुठे, भोक कितवं. फोटो पाठवला. शाळेत त्याचं अक्षर असं कधी आलं नव्हतं.

तरी एक तक्रार राहिलीच. पहिले चार-पाच किलोमीटर ठीक, मग बारीक उंचवट्यांची माळ लागली की गाडी हळूहळू दगडासारखी होते.

उलटं असतं तर मी समजले असते. तिकडच्या थंडीत शॉकअपमधलं तेल दाट होतं, त्यामुळे सुरुवातीला गाडी ताठ आणि तापल्यावर मोकळी, असं होतं. इथे मोकळी गाडी आखडत होती. टेस्टिंगला आम्ही असा शॉकअप ओळखायचो. दाबल्यावर तो परत वर यायला फार वेळ लावतो. एक उंचवटा आला, स्प्रिंग दबली, अजून पुरती उघडली नाही तोवर दुसरा आला. मग तिसरा. प्रत्येक वेळी थोडी थोडी खाली जात शेवटी ती मिटल्यासारखीच राहते, आणि मिटलेल्या स्प्रिंगवर बसणं म्हणजे फळकुटावर बसणं. पण मुलाच्या शॉकअपला हे कमीजास्त करायची सोय नव्हती, आणि तेल गळाल्याची खूणही दिसत नव्हती.

"मागचा बंपर धरून पूर्ण दाब आणि सोडून दे. मला दाखव."

त्याने दाबला, सोडला. मागचा भाग वर आला, मध्ये किंचित थबकला, मग पुन्हा वर आला. फोनच्या एवढ्याशा पडद्यावरही ते थबकणं मला दिसलं. तेल असं कधी थबकत नाही. तेल सावकाश येईल पण सलग येईल. थबकतं ते लोखंड.

"ग्रीस कधी मारलं होतंस?"

उत्तर आलं नाही.

त्या सांगाड्याचे हात ज्या शाफ्टवर फिरतात त्यांना ग्रीसचे निपल असतात. सतत बर्फ, सतत पाणी, त्यामुळे तिथलं ग्रीस धुऊन जातं. त्याने दुसऱ्या दिवशी ग्रीसगन आणली. मागच्या शाफ्टला पहिले दोन दाब गेलेच नाहीत. तिसऱ्याला कडेने विटकरी पाणी आलं, मग गंजाचा लगदा, मग काळं ग्रीस, आणि बऱ्याच वेळाने नवं, मधाच्या रंगाचं. सूनबाईने तो व्हिडिओ काढून मला पाठवला. मी तो किती वेळा पाहिला ते सांगत नाही. हे हसले, म्हणाले, लोक नातवंडांचे व्हिडिओ बघतात. पण ते घाण पाणी निघून मागून स्वच्छ ग्रीस येताना पाहण्यात जो जीव शांत होतो, तो ज्याने मशीनवर आयुष्य काढलं त्यालाच कळेल.

*

एका रात्री मुलाने या गाडीच्या जन्माची गोष्ट सांगितली. क्वेबेकमधल्या वालकूर गावात जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा गॅरेजवाला होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या आजाराने गंभीर झाला. रस्ते बर्फाने बंद, हॉस्पिटलपर्यंत नेता आलं नाही, मूल गेलं. बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या खटपटीला तो माणूस पोरवयापासूनच लागलेला होता, पण त्यानंतर नेटाने लागला. १९३७ मध्ये त्याला दातेरी चक्र आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि सातजण बसतील अशी बर्फावरची बस त्याने विकायला काढली. त्या प्रकारच्या गाड्यांतून पुढे डॉक्टर गेले, टपाल गेलं, शाळेची मुलं गेली. एकट्यादुकट्याने चालवायची छोटी गाडी, स्की-डू, १९५९ ची. त्या जुन्या छोट्या गाड्यांच्या स्कींना कमानपाटे असायचे. आपल्या टांग्याला असायचे तसेच, लहान. फोटो पाहून मला नाशिकरोड स्टेशनबाहेरचे टांगे आठवले.

मला पेठ-सुरगाणाही आठवलं. पावसाळ्यात पाड्यापर्यंत गाडी पोचत नाही तेव्हा पेशंटला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात. माझी कामवाली तिकडची. तिच्या आईला तसं आणलं होतं. ती सांगत होती, झोळी वाहणारे दोघं पाय जुळवून चालत नाहीत, मुद्दाम वेगवेगळे टाकतात. पाय जुळले की झोळी झोके घेते आणि आतल्या माणसाला त्रास होतो. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. स्प्रिंग म्हणजे झोळीची दोरी आणि बांबू, आणि त्या दोघांची पावलं म्हणजे तेल. ज्यांनी कधी यंत्र पाहिलं नाही त्यांना हे आतल्या माणसाच्या कण्हण्यावरून कळलेलं.

कारखान्यात आम्ही ज्या माणसासाठी शॉकअप तपासायचो तो एक ठरलेला वजनाचा माणूस होता. कागदावर त्याचे किलो लिहिलेले असायचे. त्याला पाठ दुखणारी बायको नव्हती, पोटुशी सून नव्हती, आणि त्याचं वजन वर्षानुवर्षं बदलत नव्हतं. आमचं काम त्याच्यापाशी संपायचं आणि पुढचं त्या पाच खाचांवर सोडलेलं असायचं. त्या खाचा किती जणांनी कधी फिरवल्या असतील, देव जाणे. आता सिडकोत आमच्या गल्लीत मी विचारत असते. सी-पाना पिशवीत असतो. समोरच्या ताई मुलाला क्लासला सोडायला जातात त्या गाडीची पाचवी होती, ती तिसरीवर आणली. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याची पहिलीवर होती आणि मागे चाळीस लिटरचे कॅन! त्याची पाचवी केली. तो म्हणाला, मावशी, कॅन आता आवाज करत नाहीत.

पुढच्या जानेवारीत आम्ही दोघं सडबरीला जाणार आहोत. मुलाने सांगितलंय की गोठलेल्या तळ्यावरून एक फेरी होईल, हळू, वाट सपाट केलेली असेल तेव्हा सकाळी सकाळी. मागच्या सीटवर आधी मी, मग हे. ह्यांचं मन अजून तयार होत नाही, पाठीला भितात.

परवा त्याचा मेसेज आला: तुमची दोघांची वजनं कळव, वहीत लिहून ठेवतो, ठोकळे तसे लावावे लागतील. मी काट्यावर उभी राहिले, ह्यांना उभं केलं, आणि कळवलं. माझं ५८, ह्यांचं ७२.

लगेच उत्तर आलं. "आई, असं नाही. कोट, बूट, सगळं घालून."